क्रांती सरहद्द ओलांडते तेव्हा नेमकं काय ओलांडतं?

जुलै २०२२ मध्ये कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि तिथल्या तलावात मनसोक्त पोहले. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांनी देश सोडला आणि ढाक्यातल्या त्यांच्या सरकारी निवासस्थानातून लोक खुर्च्या, साड्या, अगदी मासेसुद्धा उचलून नेताना दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत संसदेची इमारत जळाली आणि आंदोलन पेटल्यापासून दोन दिवसांत पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला. तिथल्या काही तरुणांच्या हातात एका जपानी कार्टून मालिकेतल्या चाच्यांचा झेंडा होता: कवटी आणि तिच्यावर गवती टोपी. हाच झेंडा आदल्या महिन्यात इंडोनेशियात फडकला होता. पुढच्या काही आठवड्यांत तो मादागास्करमध्ये दिसला, आणि ऑक्टोबरमध्ये तिथलीही सत्ता उलथली.

दर वेळी मुंबईत चर्चा सुरू होते. लोकलमध्ये, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कोणी विचारतं, "आता हे लोण आपल्याकडे येणार का?" दुसरं कोणी ठामपणे सांगतं, "यामागे बाहेरचा हात आहे, एवढं सगळं आपोआप होत नसतं." दोन्ही बोलण्यांत एक समजूत दडलेली आहे, की क्रांती ही साथीच्या रोगासारखी पसरते किंवा कोणीतरी ती पाठवतं. इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. आणि तो पाहायला फार लांब जायला नको, कारण मुंबईने हे दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे.

राग घरचाच असतो, बाहेरून येतो तो अंदाज

लालबागची एखादी जुनी चाळ घ्या. छप्पर गळतंय, मालक दुरुस्ती करत नाही आणि वर भाडं वाढवून मागतोय. चाळीस बिऱ्हाडं आहेत आणि चाळीसही वैतागलेली आहेत. पण जो पहिला भाडं अडवेल त्याच्यावर नोटीस येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण अडवलं आणि बाकीच्यांनी मुकाट भरलं तर? म्हणून सगळेच भरतात, आणि सगळे भरतात म्हणून प्रत्येकाला वाटतं की इतरांची काही तक्रार नसावी. मग एक दिवस कळतं की पलीकडच्या गल्लीतल्या चाळीने एकजुटीने भाडं अडवलं आणि मालक वाटाघाटीला आला. आपल्या चाळीचं छप्पर त्या दिवशीही कालच्याइतकंच गळत असतं. तरी आता एवढं कळलेलं असतं की हे करता येतं. आणि शेजारच्या खोलीतल्यानेही तीच बातमी ऐकली आहे, हेही कळलेलं असतं.

समाजशास्त्रात यासाठी 'उंबरठा' ही कल्पना वापरतात. आजूबाजूचे किती जण रस्त्यावर उतरले की मी उतरेन, तो माझा उंबरठा. कोणाचा दहा माणसांचा असतो, कोणाचा दहा हजारांचा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अभ्यासकाने १९७८ मध्ये हा विचार नीट मांडला. दडपशाहीत लोक आपलं खरं मत लपवतात, त्यामुळे उद्रेकाच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं शांत भासतं, हे पुढे तिमूर कुरान यांनी दाखवून दिलं. म्हणूनच क्रांती झाली की गुप्तहेर खात्यापासून पत्रकारांपर्यंत सगळे चकित होतात.

दुसऱ्या देशातली क्रांती नवा राग देत नाही. ती हा उंबरठा खाली आणते. डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशियातल्या सिदी बूझिद या गावात मोहम्मद बुआझिझी या हातगाडीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी २०११ रोजी तिथला हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला. २५ जानेवारीला कैरोत लोक उतरले आणि ११ फेब्रुवारीला इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष मुबारक गेला. इजिप्तमधली बेकारी, पोलिसांचा छळ, गव्हाच्या वाढलेल्या किमती हे सगळं आधीपासूनच होतं. तेवीस वर्षं बसलेला शेजारचा हुकूमशहा महिनाभरात जातो, ही माहिती तेवढी नवी होती.

आपल्या मालकानेही ती पलीकडच्या गल्लीची बातमी ऐकलेली असते. त्याचं काय, ते पुढे पाहू.

रशियातून निघालेली एक कृती

अंदाजाखेरीज आणखी काय प्रवास करतं? तंत्र आणि माणसं. याचा माझ्या मते सर्वांत विलक्षण नमुना आपल्या दाराशी आहे. दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या कडेने जो रस्ता जातो, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ज्याचं नाव तुळशी पाइप रोड आहे, तो सेनापती बापट मार्ग. त्यावरून रोज लाखो माणसं जातात. हे बापट म्हणजे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले आणि तिथून पॅरिसला पोचले, ते बॉम्बविद्या शिकायला.

शिकवणारे होते रशियन क्रांतिकारक. १९०५ मध्ये झारविरुद्ध रशियात मोठा उठाव झाला होता. तो दडपला गेला आणि त्यातले कित्येक जण परागंदा होऊन युरोपभर विखुरले. हरलेल्या क्रांतीची माणसं अशी दुसऱ्यांची शिक्षक होतात, हे इतिहासात वारंवार दिसतं. बापटांबरोबर बंगालचे हेमचंद्र कानूनगोही शिकत होते. बॉम्ब बनवण्याच्या रशियन भाषेतल्या कृतीचं भाषांतर झालं आणि तिच्या प्रती हिंदुस्थानात पोचल्या. ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मुझफ्फरपूरला जो बॉम्ब टाकला, तो हेमचंद्रांनी बनवलेला होता. न्यायाधीश किंग्जफर्ड वाचला आणि दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मेल्या.

त्यावर टिळकांनी 'केसरी'त लेख लिहिले. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला आणि २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईतल्या गिरण्यांचे कामगार बाहेर पडले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. गोळीबार झाला, माणसं मेली. यातल्या बहुतेकांना 'केसरी' स्वतः वाचता येत नव्हता, तो त्यांना कोणीतरी वाचून दाखवत असे.

ही बातमी जिनिव्हात राहणाऱ्या एका परागंदा रशियनाने वाचली. लेनिन त्याचं नाव. इराण, तुर्कस्तान, चीन आणि हिंदुस्थान यांतल्या हालचालींवर त्याने लगोलग लेख लिहिला आणि मुंबईच्या या संपाची दखल घेतली. हिंदुस्थानचा कामगार राजकीय लढ्याइतका जागा झाला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. रशियातल्या फसलेल्या उठावातून निघालेला धागा पॅरिस, कोलकाता, मुझफ्फरपूर, पुणे आणि परळ असा फिरून पुन्हा रशियन क्रांतिकारकाच्या टेबलावर पोचला. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण नेहमी 'तिकडून इकडे' असाच विचार करतो. इकडूनही तिकडे जातं.

"पण परकीय हात असतोच की"

असतो. नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने पैसा, सैन्य आणि आरमार दिलं. १७८१ ची यॉर्कटाउनची लढाई फ्रेंच आरमाराशिवाय जिंकताच आली नसती. १९१७ मध्ये लेनिनला रशियात परत जाऊ द्यायला जर्मनीने आगगाडी दिली. पण म्हणून अमेरिकन क्रांती पॅरिसमध्ये शिजली असं कोणी म्हणत नाही. उलट फ्रान्सच्या तिजोरीवर त्या मदतीचा जो बोजा पडला, त्याने तिथलाच राजा गोत्यात आला आणि १७८९ उजाडलं. अमेरिकेच्या मदतीला गेलेला फ्रेंच सरदार लाफायेत परत येऊन मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मांडत होता.

आता गिरणगावाकडे या. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. रशियन क्रांतीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका १९२१ मध्येच लिहिली होती. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेरीस तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. लाल बावटा गिरणगावात रुजला तो इथे.

सरकारचं उत्तर ठरलेलं होतं: हे सगळं मॉस्कोचं कारस्थान. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, अधिकारी असे मुंबईचे पुढारी पकडून मीरतला नेले. आरोप होता बादशहाचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा. खटला जवळजवळ चार वर्षं चालला.

मॉस्कोशी संबंध होता का? होता. ब्रिटनमधून आलेले कम्युनिस्ट आरोपींतच होते. पण विणाई खात्यातला कामगार संपावर गेला तो दोन मागांऐवजी तीन माग चालव म्हटलं म्हणून. कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला लावल्या म्हणून. पगाराला कात्री लागली आणि शेजारी काम करणारा घरी बसवला गेला म्हणून. ही कारणं मॉस्कोत तयार झाली नव्हती, ती गिरणीच्या खात्यात रोज डोळ्यांसमोर होती. रशियाने दिलं ते एवढंच: कामगारांचं राज्य ही गोष्ट पृथ्वीवर कुठेतरी घडली आहे, ही खात्री. ती खात्री लोकांपर्यंत नेणारी भाषाही इथलीच होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठची लढाई कामगार वस्तीतल्या माणसाने डफ-तुणतुण्यावर ऐकली.

'परकीय हात' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच आहे की हात शोधा, जरूर शोधा, पण तो शोधताना खात्यात काय चाललंय हे बघायचं टाळू नका. मीरतचा खटला चालवून इंग्रजांनी पुढारी आत टाकले. तीन मागांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

नक्कल होते, पण हुबेहूब कधीच नाही

पॅरिसमध्ये १७८९ साली 'माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत' असं जाहीर झालं, तेव्हा ते लिहिणाऱ्यांच्या मनात कॅरिबियन समुद्रातल्या आपल्याच वसाहतीतले सुमारे पाच लाख गुलाम नव्हते. पण त्या गुलामांनी ते वाक्य स्वतःबद्दलचं मानलं. ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव झाला. १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामी रद्द करावी लागली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणू पाहिली तेव्हा त्यांनी त्याच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पुढे याच हैतीने सिमोन बोलिव्हारला दक्षिण अमेरिकेतल्या लढ्यासाठी माणसं आणि शस्त्रं दिली. प्रेरणा घेणारा मूळ मालकाची परवानगी मागत नाही, आणि त्याने काढलेला अर्थ कधी कधी मूळ अर्थापेक्षा मोठा असतो.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. अवघ्या नव्याण्णव वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर जन्माला आली. नाव कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही सगळी लिहिती पोरं, त्यांना ते तिकडचं वाचून ठाऊक होतं.

पण संघटना निघाली ती ओकलंडमुळे का? त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर गावाने बहिष्कार टाकला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. राग तिथला होता. ओकलंडचे पँथर बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवायचे, गरीब मुलांना सकाळची न्याहारी द्यायचे. मुंबईच्या पँथरांनी यातलं काही जसंच्या तसं उचललं नाही. त्यांच्याकडे लिटल मॅगझिन होती, कविता होती, चाळीचाळींतल्या सभा होत्या आणि मोर्चे होते. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत जी दंगल झाली, तीही इथल्याच जातवास्तवातून. बाहेरून आला तो ताठ मानेने उभं राहण्याचा एक नमुना. आंबेडकरांच्या चळवळीने तयार केलेली जमीन नसती तर तो नमुना वर्तमानपत्राच्या रद्दीत गेला असता.

मादागास्करच्या तरुणांनीही तो चाच्यांचा झेंडा घेताना कवटीवरची टोपी बदलून आपल्याकडची पारंपरिक टोपी काढली होती.

"मग मोबाइलमुळे होतंय ना हे सगळं?"

वेग वाढला, हे खरं. पण १८४८ मध्ये मोबाइल नव्हते. जानेवारीत सिसिलीतल्या पालेर्मोत ठिणगी पडली, फेब्रुवारीत पॅरिसचा राजा गेला आणि मार्चमध्ये व्हिएन्ना, बर्लिन, मिलान, बुडापेस्ट पेटलं. आगगाडी, तारायंत्र आणि वर्तमानपत्रं एवढ्यावर हे झालं. नेपाळमध्ये तर सरकारने सव्वीस समाजमाध्यमं बंद केली आणि त्यातून भडका उडाला.

मोबाइल गर्दी लवकर जमवतो. जमलेली गर्दी टिकवायला, वाटाघाटीला कोण बसणार हे ठरवायला, संप सहा महिने चालला तर चुली पेटत्या ठेवायला वेगळं काही लागतं. १९२८ मध्ये ते गेट मीटिंगांतून आणि गिरणीगणिक नेमलेल्या समित्यांतून आलं होतं.

सत्ताधारीही बातम्या वाचतात

आता त्या चाळीच्या मालकाकडे. पलीकडच्या गल्लीत काय झालं ते ऐकून तो दोनपैकी एक गोष्ट करतो: घाईने थोडी डागडुजी, नाहीतर दारावर गुंड.

४ जून १९८९ या एकाच दिवशी पोलंडमध्ये निवडणुकीत कम्युनिस्टांचा धुव्वा उडाला आणि बीजिंगमध्ये तिआनमेन चौकात रणगाडे घुसले. पोलंडकडे पाहून पूर्व युरोपातली जनता धीट झाली आणि ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत खुली झाली. चिनी नेतृत्वाने त्याच घटनांमधून उलटा धडा घेतला: सैल सोडायचं नाही. २०११ मध्ये सौदी राजाने घरं, पगार, नोकऱ्या यांवर प्रचंड रकमा जाहीर केल्या. सीरियातल्या दराआ शहरात शाळकरी पोरांनी ट्युनिस आणि कैरोतली घोषणा भिंतीवर लिहिली, तेव्हा त्यांना पकडून त्यांचा छळ झाला. घोषणा तीच होती, फळ मात्र तेरा वर्षांच्या यादवीचं आलं.

म्हणून पहिला देश सर्वांत नशीबवान असतो, कारण तिथला राजा बेसावध असतो. १८४८ ची बहुतेक बंडं पुढच्या वर्षापर्यंत चिरडली गेली. ट्युनिशियाचं सैन्य लोकांवर गोळ्या झाडायला तयार झालं नाही. इजिप्तचं सैन्य थांबलं, मुबारकला जाऊ दिलं आणि २०१३ मध्ये स्वतःच परत आलं. सीरियाच्या सैन्याचा कणा राजवटीशी बांधलेला राहिला.

बंदूक धरणाऱ्याच्या मनात काय आहे

बातमी वाचताना मी आता झेंडे आणि हॅशटॅग यांच्या आधी ही गोष्ट शोधतो. पगार कोणाचा थकलाय, भाकरीचा भाव किती आहे, मतपेटीतून सरकार बदलण्याची वाट खुली आहे की बुजली आहे, आणि शिपायाचं घर कुठल्या वस्तीत आहे. भारतात आणीबाणीनंतर १९७७ मध्ये लोकांनी मतदानाने सरकार घालवलं. अशी वाट जोवर उघडी असते तोवर बहुतेकांचा उंबरठा उंच राहतो. म्हणून शेजारच्या तीन राजधान्या पेटल्या म्हणजे आता चौथी, हा हिशेब मला पटत नाही. तसाच 'आपल्याकडे असलं काही होतच नाही' हा निर्धास्तपणाही पटत नाही, कारण मुंबईत ते झालेलं आहे, आणि चक्क गणवेशातल्या माणसांनी केलं आहे.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी जेवण नाकारलं. अन्न निकृष्ट होतं, गोरे अधिकारी आईबहिणीवरून शिव्या घालत. ही घरची कारणं. त्यात आझाद हिंद सेनेवरचे लाल किल्ल्यातले खटले देशभर गाजत होते. पाहता पाहता ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार खलाशी उठावात आले. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेवर माणसं गेली. २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती दिली.

त्यांच्या मागण्यांमध्ये जेवण होतं, पगार होता, राजकीय कैद्यांची सुटका होती. आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा, हीसुद्धा मागणी होती. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि डचांची सत्ता परत बसवण्याच्या कामी इंग्रजांनी हिंदी पलटणी तिकडे धाडल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये सुराबायाच्या रस्त्यांवर आपले जवान तिथल्या तरुणांवर गोळ्या चालवत होते. काही जवान बाजू बदलून त्या तरुणांना जाऊन मिळाले. ज्या साम्राज्याला दुसऱ्याची क्रांती मोडायला आपण लागतो, ते आपल्याशिवाय किती दिवस टिकेल, हा हिशेब कुलाब्याच्या खलाशांना कोणी परदेशातून येऊन शिकवला नव्हता.